सात वेळा लिहिलेली तबकडी

मित्रांनो, तबकडी म्हणून माझे आता बरेच वय झाले आहे. माझ्या वयाच्या बहुतेक तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील त्या कुठेतरी गच्चीवर, दोरीला बांधलेल्या, पक्ष्यांना हुसकावत गरगर फिरणाऱ्या. त्या कामात काही कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. पण मी अजून कागदी पाकिटात आहे, शिवणाच्या कपाटात वरून दुसऱ्या खणात, आणि त्याला कारण आहे.

मी डीव्हीडी, माझा जन्म एका कारखान्यात झाला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये धातूंच्या मिश्रणाचा एक थर, केसापेक्षाही कितीतरी पातळ. या थराची एक खोड आहे. लेसरच्या किरणाने तो खूप तापवला आणि झटकन निवू दिला, तर तिथे निस्तेज ठिपका उमटतो. जरा कमी तापवून सावकाश निवू दिला, तर तो ठिपका पुन्हा चकाकतो, म्हणजेच पुसला जातो. साध्या तबकडीवर एकदा लिहिले की लिहिले. माझ्यावर हजार वेळा लिहिता येते, असे माझ्या वेष्टणावर छापले होते. प्रत्यक्षात माझ्यावर सातच वेळा लिहिले गेले.

मला डोळे नाहीत. माझ्यावर काय लिहिले आहे तेवढे मला ठाऊक असते, आणि खोलीत चाललेले बोलणे मला ऐकू येते. माझी गोष्ट या दोनच गोष्टींवर उभी आहे, तेव्हा मी पाहिले असे कुठे म्हणाले तर समजून घ्या.

मला विकत घेतले ते एका मुलीने. ती नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. घरात तिला ‘मोजपट्टी’ म्हणत. हे नाव तिच्या आत्याने ठेवले होते, तेही न उच्चारता. आत्याला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांच्या खुणांनी बोलते, आणि तिच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण असते. भाचीसाठी तिने अंगठा आणि पहिले बोट ताणून अंतर मोजल्याची खूण ठरवली होती, कारण ही मुलगी लहानपणी बिस्किटसुद्धा मोजून अर्धे करायची. मुलीच्या बाबांनी त्या खुणेचे ‘मोजपट्टी’ केले आणि तेच चिकटले.

दुकानदाराने तिला माझ्याऐवजी साध्या तबकड्यांचा गठ्ठा दाखवला होता. “ही एक घेण्यापेक्षा त्या दहा घ्या की.”

“मला दहा नकोत. मला एकच गोष्ट दहा वेळा करून बघायचीय,” मोजपट्टी म्हणाली.

ती गोष्ट कोणती, ते आधी सांगते.

आत्याचे यजमान, म्हणजे मोजपट्टीचे आतोबा, एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करत. त्यांनाही ऐकू येत नसे. छापखान्याच्या मालकाने एकदा नवा कॅमेरा घेतला, आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून आत्याच्या हातात दिला. आतोबा पुस्तक बांधत होते आणि आत्या त्यांचे चित्रण करत होती. चाळीस मिनिटांची कॅसेट भरली. पहिली दहा-अकरा मिनिटे आतोबा नुसते काम करतात. मग ते हातातली सुई खाली ठेवून कॅमेऱ्याकडे वळतात आणि बोलायला लागतात, अर्थातच हातांनी.

आत्याने कॅमेऱ्याच्या बारीक भोकाला डोळा लावला होता. त्या भोकात दिसणारे चित्र अंगठ्याच्या नखाएवढे, आणि काळेपांढरे. एवढ्याशा चित्रात तिला त्यांच्या खुणा वाचता आल्या नाहीत. घरी गेल्यावर पडद्यावरच बघू, असे तिने मनाशी ठरवले आणि त्यांना विचारले नाही. घरी ती कॅसेट चालेल असे यंत्र नव्हते. मालक म्हणाले, सवडीने दाखवतो. त्याच थंडीत आतोबा गेले.

मग आठ वर्षे ती कॅसेट आत्याच्या बटणांच्या डब्यात राहिली. आत्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचे काम करते. आतोबांनी त्या दिवशी आपल्याला काय सांगितले, ते तिला अजून कळलेले नव्हते.

नोकरी लागल्यावर मोजपट्टीने स्वतःहून सांगितले, “आत्या, मी याची तबकडी करून देते.” तिने कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून जुना कॅमेरा उसना आणला, वायर जोडली आणि कॅसेट संगणकात उतरवून घेतली. बाबा शेजारी बसले होते. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, लहानपणापासून तिच्या खुणा त्यांना येतात. पण पडद्यावर आतोबांनी सुई ठेवली आणि हात उचलले, तसे बाबा खुर्चीवरून उठले.

“का हो, बाबा? सांगा ना काय म्हणतायत ते.”

“ते तिच्याशी बोलतायत. दुसऱ्याचं पाकीट फोडल्यासारखं होईल ते. आधी तिला बघू दे.”

चाळीस मिनिटे संपली. मोजपट्टीने कॅसेट मागे गुंडाळायला लावली, आणि जुन्या कॅमेऱ्याने फीत आत ओढून तिचा चोळामोळा केला. काढताना ती तुटली. म्हणजे आता आतोबांचे बोलणे जगात एकाच ठिकाणी उरले, मोजपट्टीच्या संगणकातल्या नऊ जीबीच्या एका फाइलमध्ये. त्या संगणकात एकूण जागाच चाळीस जीबी होती आणि ती तुडुंब भरली होती. बाबा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करत. त्यांनी पान साठवायला घेतले की पडद्यावर पाटी येई, जागा नाही.

“एकदा तबकडी झाली की ही फाइल पुसून टाकते,” मोजपट्टीने त्यांना कबूल केले. “एक आठवडा द्या मला. तबकडी मात्र सगळ्यात चांगली व्हायला हवी.”

मित्रांनो, इथे तुम्हाला थोडी कामाची माहिती द्यायला हवी. नऊ जीबीची फाइल माझ्यात मावत नाही, माझ्यात साडेचार जीबीच्या आसपास मावते. शिवाय टीव्हीखालच्या प्लेयरला ती भाषा कळत नाही. म्हणून आधी चित्र आवळून त्या प्लेयरच्या भाषेत आणावे लागते, आणि मग ते तबकडीवर रचावे लागते. सुरुवातीला यादीचे पान, मग भाग, मग पुढे-मागे जाण्याच्या खुणा. घरच्या घरी हे करायला तेव्हा बरेच प्रोग्राम मिळत. मोजपट्टीने तीन निवडले. त्यांची खरी नावे मी सांगत नाही, तिने ठेवलेली सांगते.

पहिला तबकडी लिहिणाऱ्या ड्राइव्हबरोबर फुकट आलेला होता, त्याचे नाव ‘घाईघाई’. दुसरा विकतचा, पण महिनाभर वापरून बघता येई असा. त्याची यादीची पाने फार देखणी होती, म्हणून तो ‘नटवा’. तिसरा कोणा हौशी लोकांनी मिळून बनवलेला आणि मोफत वाटलेला. त्यात चित्र आवळायचा प्रोग्राम वेगळा, रचायचा वेगळा, आणि दोघांत मिळून इतकी बटणे की बाबा म्हणाले, “हे प्रोग्राम आहे की विमान?” त्याचे नाव ‘खटपट्या’.

मोजपट्टीने वहीत कोष्टक आखले. प्रत्येकाला पाच गोष्टींसाठी दहा-दहा गुण. लागणारा वेळ, चित्राची स्वच्छता, यादीचे पान, वापरायला सोपे, आणि हलणारे चित्र स्थिर करण्याची सोय. हा शेवटचा रकाना तिने मुद्दाम घातला होता. आत्याला कॅमेरा धरायची सवय नव्हती, त्यामुळे चित्र मधूनमधून वर-खाली हलायचे, आणि ते मोजपट्टीच्या डोळ्यांना खुपत होते.

पूर्ण चाळीस मिनिटे आवळायला त्या संगणकाला फार वेळ लागे. म्हणून चाचणीसाठी तिने पहिली दहा मिनिटेच घेतली.

माझ्यावर पहिल्यांदा घाईघाईने लिहिले. त्याला वीस मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मोजपट्टीने मला प्लेयरमध्ये घातले, ठरावीक तीन ठिकाणी चित्र थांबवले आणि पडद्याला नाक लावून पाहिले. आतोबांच्या शर्टाच्या रेघा विरघळल्या होत्या आणि भिंतीवर चौकोन उमटले होते. तिने मला पुसले, चित्र जास्त चांगले करायची सोय शोधली आणि पुन्हा लिहिले. चौकोन बारीक झाले एवढेच. स्वच्छतेला चार गुण.

तिसऱ्यांदा नटव्याची पाळी. याने काहीच विचारले नाही. फाइल द्या, पानाची चौकट निवडा, झाले. चित्र थांबवले की शर्टाची रेघ न् रेघ मोजून घ्यावी. यादीच्या पानावर आतोबांचे छोटे चित्र, भोवती पाने-फुले, आणि मागे मंद सुरावट.

“वा!” बाबा बाहेरून म्हणाले. “काय गोड वाजतंय.”

“आवडलं ना? मग यादीच्या पानाला दहापैकी दहा,” मोजपट्टी म्हणाली, आणि लिहिलेसुद्धा.

चौथ्यांदा खटपट्या. त्याने प्रश्न विचारून तिला हैराण केले. कुठल्या भागाला किती जागा देऊ? चित्र एकदाच वाचू की दोनदा? प्रत्येक चित्रातल्या कुठल्या ओळी आधी आहेत, सम की विषम? या शेवटच्या प्रश्नासाठी तिला तास-दीड तास शोधाशोध करावी लागली. मग त्या जातीच्या कॅमेऱ्यात कुठल्या ओळी आधी येतात ते तिला कळले आणि तिने उत्तर भरले. एवढे करून चित्र स्वच्छ आले, पण नटव्यापेक्षा तसूभरही जास्त नाही. वेळ पाचपट लागला. यादीचे पान म्हणजे काळ्यावर पांढऱ्या दोन ओळी. चित्र स्थिर करायची सोयच नाही, शून्य गुण.

बेरीज झाली. घाईघाई एकोणतीस, नटवा सेहेचाळीस, खटपट्या बावीस.

खरे सांगायचे तर मलाही नटव्याच्या हातचे लिहून घेणे आवडले होते. कोणालाही बरे कपडे घातले की आवडतेच.

शनिवारी मोजपट्टीने पूर्ण चाळीस मिनिटे नटव्याला दिली. चित्र स्थिर करायची सोय चालू ठेवली, सुरावट ठेवली, आणि मला पाचव्यांदा लिहिले. दुसऱ्या दिवशी आत्या बघायला येणार होती. तिला आवडले की तेच साध्या तबकडीवर कायमचे लिहून द्यायचे ठरले होते.

बाबा दारात येऊन उभे राहिले. “झालं ना? मग पूस ती फाइल. माझी चौदा पानं साठवायची राहिलीत. सोमवारी द्यायचीयत.”

“पुसते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बटण दाबल्याचा आवाज मात्र आला नाही.

“काय गं, बटण सापडत नाही का?”

“बाबा, आमच्याकडे एक नियम आहे. पाणी तपासून झालं, अहवाल लिहून झाला, तरी बाटलीतलं उरलेलं पाणी आम्ही ओतून टाकत नाही. ज्याने तपासायला दिलं, त्याने अहवाल वाचून सही केली की मगच ओततो.”

“मग?”

“हे आत्यानं दिलंय. तिची सही कुठे झालीय अजून?”

“अगं, सेहेचाळीस गुण पडलेत म्हणालीस ना?”

“ते मी दिलेत.”

बाबांनी सुस्कारा सोडला आणि ते लिहायला कागद शोधू लागले. त्या रात्रीपुरती फाइल वाचली.

रविवारी सकाळी आत्या आली. ती आली की घरात टाळ्या, टेबलावर थापा आणि बाबांचे बोलणे असा आवाज असतो. ती हातांनी बोलते आणि बाबा मोजपट्टीसाठी ते तोंडाने सांगतात. मोजपट्टीला खुणा येत, पण जेवलीस का, कुठे चाललीस, एवढ्यापुरत्या.

मला प्लेयरमध्ये घातले. यादीचे पान उघडले, सुरावट सुरू झाली. एक मिनिट गेले, दोन गेली.

“ती विचारतेय, हे सुरू कधी होणार,” बाबा म्हणाले.

“आधी यादीचं पान आहे ना, आत्या. मागे सूर...” मोजपट्टी बोलता बोलता थांबली. तिला आपल्या वहीतले दहापैकी दहा आठवले असावेत. तिने गुपचूप पुढचे बटण दाबले.

आतोबा पुस्तक बांधू लागले. आत्याने टाळी वाजवली. सुई कशी धरतात बघ, असे ती म्हणत होती. दहा मिनिटे अशी मजेत गेली. मग आतोबांनी सुई खाली ठेवली. बाबा उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्याच वेळात टेबलावर थाप पडली. मग दुसरी, जोरात.

“बाबा, आत्या काहीतरी म्हणतेय, वळा इकडे.”

बाबा वळले. “म्हणतेय, हा अडखळतोय. बोट पुढे जातं, मागे येतं, परत पुढे. काय म्हणतोय ते लागत नाही. म्हणतेय, हा माणूस आयुष्यात कधी असा अडखळला नाही.”

“असं कसं होईल? चित्र एकदम स्वच्छ आहे. मी स्वतः तपासलंय.”

“कसं तपासलंस, विचारतेय.”

“थांबवून. हे बघ.” तिने बटण दाबले. “एकेक बोट वेगळं दिसतंय की नाही?”

आत्याचे उत्तर लांबलचक असावे, कारण बाबा बराच वेळ गप्प होते. मग ते हसू दाबत म्हणाले, “ती म्हणतेय, तुझ्याशी कोणी बोलत असलं तर तू त्याच्या तोंडावर हात ठेवून ऐकतेस का?”

मोजपट्टीने चित्र पुन्हा चालू केले.

हात का अडखळतात ते मला आधीपासून ठाऊक होते, मित्रांनो, फक्त सांगता येत नव्हते. तेव्हाच्या कॅमेऱ्याचे एक चित्र म्हणजे दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे असे. एका कंगव्यात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या, आधी एका कंगव्यातल्या आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर दुसऱ्यातल्या. टीव्हीवरही त्या त्याच क्रमाने यायला हव्यात. नटव्याने विचारलेच नव्हते, आपल्या मनाने क्रम उलटा धरला होता. त्यामुळे नंतरचे आधी दिसे आणि आधीचे नंतर. भिंत, टेबल, सावकाश टाका घालणारा हात यांना त्याने फारसा फरक पडत नाही. चित्र थांबवले तर काहीच कळत नाही. पण भरभर बोलणारे हात अर्धे पाऊल पुढे आणि अर्धे मागे असे थरथरत राहतात. ऐकू येणाऱ्या माणसाचे लक्ष चेहऱ्याकडे असते, आवाजाकडे असते. हातांकडे बघणारी त्या घरात एकटी आत्या होती, आणि तिलाच तपासणीत घेतले नव्हते.

“फाइल आहे ना अजून?” बाबांनी विचारले. त्यांचा आवाज जरा घाबरा झाला होता. पुसायचा आग्रह त्यांचाच होता ना!

“आहे. काल तुम्ही जिंकला असतात तर नसती.”

“मग मी आठवडाभर हातानं लिहितो. तू कर नीट.”

सोमवारी कामावर जाण्यापूर्वी मोजपट्टीने चाळीस मिनिटे खटपट्याला दिली आणि त्याचे सगळे प्रश्न पुन्हा एकदा नीट वाचून उत्तरे भरली. दिवसभर संगणक घरघरत होता आणि शेजारी बाबांच्या पेनाची कुरकुर चालू होती. संध्याकाळी तिने मला पुसून सहाव्यांदा लिहिले. या वेळी यादीचे पान ठेवलेच नाही. घातली की सुरू. मग ती पडद्यासमोर बसली आणि चाळीस मिनिटे कुठेही न थांबवता, फक्त हातांकडे बघत राहिली. तिला त्यातले फार थोडे कळले असेल, पण हात अडखळत नव्हते.

“एक वाईट झालं, बाबा,” ती शेवटी म्हणाली. “चित्र परत वर-खाली हलतंय. नटव्यानं ते स्थिर केलं होतं. याच्यात तशी सोयच नाही.”

“सांग तसं तिला. घ्यायचं तर घेईल.”

पुढच्या रविवारी आत्या पुन्हा आली. आतोबांनी सुई ठेवली, बाबा सवयीने खिडकीकडे वळले. मग खोलीत इतकी शांतता पसरली की मला माझ्याच फिरण्याचा आवाज ऐकू येत होता. दोनेक मिनिटांनी टाळी वाजली.

“मला बोलावतेय,” बाबा म्हणाले. “म्हणते, वळ आणि मोठ्यानं वाच. पोरीनं एवढं केलंय, तिला कळू दे.” मग ते आत्याला उद्देशून म्हणाले, “नक्की ना, ताई?” आणि लगेच, “बरं बरं, मारू नकोस.”

बाबा वाचू लागले. आतोबांचे बोलणे मी पहिल्यांदाच कानांनी ऐकले.

“ते म्हणतायत... हात अडकलेत ना तुझे? लग्नाला एकवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा मी बोलतोय आणि तू मध्ये बोलत नाहीयेस. हा कॅमेरा मालकाकडून विकतच घ्यावा म्हणतो.”

मोजपट्टी खुदकन हसली. टेबलावर चापटी बसली, ती आत्याची असणार.

“म्हणतायत, नीट ऐक. म्हणजे बघ. दिसतंय ना तुला? बोलता येत नसेल तर मान हलव.”

नेमके त्याच वेळी चित्र वर-खाली हलले. माझ्यावर ते तसेच लिहिले आहे, दोनदा वर, दोनदा खाली.

“हेच ते, आत्या,” मोजपट्टी घाईने म्हणाली. “हे हलणं मला काढता आलं नाही. बाबा, तिला सांगा ना, त्या प्रोग्राममध्ये सोय नव्हती म्हणून.”

बाबांनी सांगितले असावे.

“काय म्हणाली?”

“म्हणते, ते हलणं नाही.” बाबा म्हणाले. “म्हणते, ती मी आहे. मी हो म्हणतेय.”

नखाएवढ्या चित्रात आत्याला आतोबांच्या भरभर बोलणाऱ्या खुणा वाचता आल्या नव्हत्या. पण मान हलव ही खूण मोठी असते, ती तिला कळली होती. मग पुढच्या अर्ध्या तासात ते काही विचारल्यासारखे थांबले की काय विचारले हे न कळताही ती मान हलवत राहिली होती, आणि डोळ्याला चिकटलेला कॅमेरा तिच्याबरोबर हलत होता. चाळीस मिनिटांत आत्याचे बोलणे म्हणून जेवढे होते, तेवढे सगळे त्या वर-खाली होण्यात होते. मोजपट्टीने त्याला दोष समजून वहीत रकाना आखला होता, आणि नटव्याने तो दोष काढून दाखवून दहापैकी दहा गुण मिळवले होते.

बाबा वाचत राहिले. आतोबांनी काही फार मोठे सांगितले नव्हते. पुस्तकाच्या कण्याला खळ किती लावायची ते सांगितले. आत्याने कापडावर फार घट्ट टाके घालू नयेत, मग कापड श्वास घेत नाही म्हणाले. ती भांडताना खूप भरभर बोलते आणि निम्मे आपल्याला कळत नाही, पण आपण कळल्यासारखे दाखवतो, अशी कबुली दिली, आणि विचारले, “चालेल ना असंच पुढेही?” चित्र वर-खाली झाले. आत्या आता टेबलावर थापा मारून हसत होती, कारण आठ वर्षांपूर्वी आपण कशाला होकार देऊन बसलो ते तिला आत्ता कळत होते.

शेवटी बाबांनी वाचले. “म्हणतायत, पुरे आता. पुढच्या खेपेला कॅमेरा मी धरतो, आणि तू बोल. मी मध्ये बोलणार नाही. कबूल?”

चित्र एकदाच हलले, सावकाश. आणि फीत संपली.

प्लेयरची घरघर थांबली. नंतर मोजपट्टीने हळूच विचारले, “आत्या काय म्हणतेय, बाबा?”

“आपल्याशी नाही बोलत ती. पडद्याशी बोलतेय. थांब थोडी.”

त्या दिवशी आत्याने वहीत सही केली. गुणांच्या कोष्टकाखाली मोजपट्टीने स्वतःच एक ओळ आखून दिली होती, ‘मागणाऱ्याची सही’. आत्याने सही केली, नटव्याच्या सेहेचाळिसावर काट मारली, आणि बाबांकरवी एक काम सांगितले. फोटोवाल्याचा कॅमेरा पुन्हा आण. कबूल केले होते, ते राहिले आहे.

फोटोवाल्याने कॅमेरा दुरुस्त करून घेतला होता. मोजपट्टीने नवी कॅसेट घातली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. आत्या खुर्चीवर बसून बारा मिनिटे बोलली. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले आणि या वेळी त्यांना कोणी आत बोलावले नाही. मोजपट्टीने तिला काय बोललीस असे विचारले नाही. आतोबांची चाळीस मिनिटे आणि त्यामागे आत्याची बारा, असे सातव्यांदा माझ्यावर लिहिले गेले. तेच एका साध्या तबकडीवरही लिहिले. मग दोन्ही तबकड्या चालवून पाहिल्यावर संगणकातली मूळ फाइल... नाही, ती पुसली नाहीच. बाबांनी स्वतः जाऊन दुसरी हार्ड डिस्क आणली.

मित्रांनो, माझ्यावर हजार वेळा लिहिता आले असते. नऊशे त्र्याण्णव वेळा राहिल्या. पण आत्याने मला परत दिले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. हल्ली मला वाचणारे प्लेयर दुकानात मिळत नाहीत. टीव्हीखालचा तो प्लेयर आता झाकण उघडायला कुरकुरतो. माझा थरही कायमचा नाही, वर्षे जातील तसा तो आपोआप फिका होत जाईल. म्हणून तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी डब्यात, खणात पडले असेल तर आजच काढा आणि नव्या जागी उतरवून घ्या. कुठला प्रोग्राम चांगला ते गुण देऊन जरूर ठरवा, मोजणे वाईट नाही. फक्त गुण देणाऱ्यांत त्या माणसालाही बसवा, ज्याच्यासाठी तुम्ही हे करत आहात. आणि त्याने बघून हो म्हणेपर्यंत मूळचे काही पुसू नका.

आत्या मला वर्षातून दोन-तीनदा बाहेर काढते, पाठीवरून मऊ कापड फिरवते, मध्यापासून कडेकडे, मोजपट्टीने शिकवले तसे. त्यानंतरची बावन्न मिनिटे त्या खोलीत कसलाही आवाज होत नाही, आणि दोन माणसे भरपूर बोलतात.